केंटमधल्या परसातला हेझलनट: दाब कलमांच्या नोंदी

१४ नोव्हेंबर २०२१

परसाच्या उतरत्या टोकाला हेझलनटचं जुनं झाड आहे, घराबरोबर आलेलं. एक खोड असं नाहीच. बुंध्यातून मनगटाएवढ्या जाड फांद्या वर गेल्यात आणि त्यांच्याभोवती फुटव्यांचं रान माजलंय. पानं गळाली तेव्हा कुठे झाडाचा खरा आकार दिसला.

शेजारचे आजोबा कुंपणावरूनच म्हणाले, हा केंटिश कॉब. तरुणपणी त्यांनी प्लॅक्सटॉलच्या बाजूच्या बागांत मोसमी काम केलंय, त्यामुळे ओळख पक्की. खाली पडलेली टरफलंही तेच सांगतात: फळ लांबट, आणि त्याच्यावरचं पानासारखं आवरण फळापेक्षा लांब. ही जात १८३०च्या सुमारास इथे रुळली. पहिल्या महायुद्धाआधी इंग्लंडात सुमारे ७,००० एकरांवर कॉबनट (हेझलनटचं इथलं नाव) होते आणि त्यातले बहुतेक केंटमध्ये. लंडनच्या बाजारात ओला माल जायचा. पुढे मजुरी परवडेना, बागा तुटल्या, घरं उठली. आमची गल्लीही अशाच एखाद्या बागेवर उभी असणार.

यंदा झाडाला फळं दिसली बरीच, पण हाती लागली ती बहुतेक पोचट. टरफल फोडलं की आत तपकिरी भुसा. उरलेली खारींनी नेली.

योजना अशी: या झाडाच्या फुटव्यांपासून रोपं करायची, पूर्वेच्या कुंपणालगत त्यांची ओळ लावायची, उरतील ती मंडळातल्या ज्यांना हवी त्यांना द्यायची. माती उथळ, वाळूमिश्रित, फूटभर खाली रॅगस्टोनचा, म्हणजे इथल्या कठीण चुनखडीचा, दगड लागतो. सामू (पीएच) सातच्या आसपास. हेझलनटला एवढं पुरतं.

८ जानेवारी २०२२

कॉसफर्ड जातीचं एक रोप आणून लावलं. मातीविना, उघड्या मुळांचं. हिवाळ्यात इथे रोपं अशीच मिळतात आणि स्वस्तही पडतात. जुन्या झाडापासून साडेचार मीटरवर जागा धरली. खड्ड्यात शेणखत घालायला हात शिवशिवत होते, पण घातलं नाही. या झाडाला खायला भरपूर मिळालं की ते लाकूड आणि पानंच वाढवतं, फळाचं नाव काढत नाही. केंटच्या जुन्या बागा दगडाळ उतारांवर होत्या, त्यामागे हेही एक कारण आहे. वर फक्त पालापाचोळ्याचं आच्छादन दिलं.

दुसरी जात कशाला, असं घरात विचारलं गेलं. उत्तर फेब्रुवारीत प्रत्यक्ष दाखवायचं ठरवलं.

६ फेब्रुवारी २०२२

दाखवलं. पानांचा पत्ता नाही, सकाळी गवतावर हिम, आणि झाड मात्र फुलोऱ्यात. नर फुलांचे पिवळे तुरे बोटभर लांब लोंबतात, ते कुणालाही दिसतात. मादी फूल शोधावं लागतं. नुसत्या कळीसारखी कळी, तिच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटरच्या लालभडक कुक्षींचा झुपका. मुलीने भिंग आणलं आणि मग तासभर आत आलीच नाही.

एकाच झाडावर दोन्ही फुलं असली तरी झाड स्वतःचा पराग घेत नाही. कुक्षीच्या पेशींत एक ओळखयंत्रणा असते. आलेल्या परागकणाची जनुकीय खूण स्वतःच्या दोन खुणांपैकी एकीशी जरी जुळली, तरी परागनलिका पृष्ठभागावरच अडते. म्हणजे परका पराग हवा, तोही ठरावीक घरातलाच. आमच्या झाडाला आजवर जो काही मिळत होता तो गल्लीच्या टोकाच्या रानटी हेझलनटचा, आणि तो वारा मेहरबान असेल तेव्हाच. मधमाश्यांचा इथे काही संबंध नाही, सगळा कारभार वाऱ्याचा.

कॉसफर्ड अजून काडी आहे, तिच्याकडून यंदा अपेक्षा नाही. म्हणून पाणंदीच्या कडेचा तो रानटी हेझलनट ज्यांच्या हद्दीत येतो त्यांना विचारून तुऱ्यांनी लगडलेल्या काही फांद्या कापून आणल्या. पाण्याच्या बाटल्यांत घालून जुन्या झाडात वाऱ्याच्या बाजूला टांगल्या. बाटल्या लटकवलेलं झाड बघून पोस्टमन थबकला.

छाटणीही आजच सुरू केली. केंटची पद्धत अशी की तुरे झडत असतानाच छाटायचं, म्हणजे फांद्या हलतात आणि पराग उडतो. झाड पेल्याच्या आकाराचं, मधे मोकळं, उंची माणसाएवढी. आमचं झाड साडेचार मीटर उंच गेलंय. एका हिवाळ्यात ते खाली आणणं बरं नाही, तीन हिवाळे लागतील.

१९ फेब्रुवारी २०२२

काल युनिस वादळ. कुंपणाच्या दोन फळ्या शेजारी, त्यांची एक आमच्याकडे. बाटल्या सगळ्या गवतात. तुरे जवळपास रिकामे झालेत.

१३ मार्च २०२२

दाब कलमं घातली. जागेवरच लिहून ठेवते, पुढच्या वर्षी शोधाशोध नको.

गेल्या वर्षीचे पेन्सिलीएवढे जाड, लवचीक फुटवे निवडले. जाड फांदी वाकवली तर बुंध्याशी चिरते. बुंध्यापासून हातभर अंतरावर १०-१५ सेंटिमीटर खोल चर घेतला. फुटवा चरात वाकवून, जिथे वळण सर्वांत तीव्र येतं तिथे खालच्या बाजूला तिरका काप दिला आणि काप मिटू नये म्हणून त्यात खडा अडकवला. तारेच्या आकड्याने खिळवलं. टोक सरळ उभं करून काठीला बांधलं. चर मातीने आणि बारीक खडीने भरला आणि वर रॅगस्टोनचा एकेक चपटा दगड ठेवला. दगडाने दोन कामं होतात: फांदी उसळत नाही आणि खाली ओल टिकते. या परसात दगड विकत आणावा लागत नाही.

टोक उभं करणं महत्त्वाचं. वळणाशी रस अडतो आणि मुळं तिथेच फुटतात. फांदी नुसती आडवी पुरली तर प्रत्येक डोळ्यातून धुमारा येतो आणि मुळं कुठेच धड धरत नाहीत.

छाट कलमांच्या वाटेला गेले नाही. हेझलनटची काडी नुसती खोचून मुळं धरणं फार दुर्मीळ, आणि बी लावून आईसारखं झाड येत नाही.

रात्री सांगोल्याला काकांना फोन केला. त्यांची डाळिंबाची बाग, आयुष्य गुटी (फांदीला झाडावरच मुळं आणायचं कलम) बांधण्यात गेलं. चराचं वर्णन ऐकून म्हणाले, "अगं, एवढं खणत बसण्यापेक्षा गुटी बांध की. डाळिंबही बुडातनंच फुटतं, हेही फुटतंय. वळण एकच." फुटव्यांची जाडी विचारली, सालीचा रंग विचारला, रस कधी चढतो ते विचारलं. जूनमध्ये बांधायचं ठरलं.

५ जून २०२२

दोन प्रयोग शेजारी शेजारी.

पहिला काकांचा, म्हणजे गुटी. उभ्या फुटव्यांवर इंचभर रुंदीचं सालीचं वलय काढलं, आतला बुळबुळीत थर चाकूच्या पाठीने खरवडला, वरच्या कडेला मुळं फुटण्याचं संजीवक लावलं, भिजवून पिळलेलं शेवाळ मुठीने बसवलं, वर प्लॅस्टिक आणि त्यावर चांदीचा कागद. काका व्हिडिओ कॉलवर. "घट्ट बांध, पोकळ ठेवू नकोस." मग झाडावरची पानं बघून, "लई कवळी पानं हायत, ऊन सोसतील का?"

दुसरा प्रयोग ओरेगॉनच्या रोपवाटिकांच्या धाटणीचा. हेझलनटची अमेरिकेतली जवळपास सगळी बाग त्या एका राज्यात आहे आणि तिथे रोपं अशीच पैदा व्हायची. दोन फूट झालेल्या नव्या फुटव्यांची खालची पानं ओरबाडली, बुडाशी तांब्याची तार पिळून आवळली, तारेच्या वर संजीवक लावलं आणि भोवती प्लॅस्टिकचं कडं उभं करून त्यात ओला लाकडी भुसा वीतभर भरला. फुटवा जाड होत जातो, तार होत नाही. पानांत तयार झालेलं अन्न सालीतून खाली उतरताना तारेशी अडतं आणि तिथे मुळं सुटतात. गुटीत आपण साल काढून एका झटक्यात जे करतो, ते तार दोन महिने घेऊन करते.

फळं धरलीत. फेब्रुवारीत पराग बसला तरी प्रत्यक्ष फलन आत्ता, मे-जूनमध्ये होतं. परागनलिका कुक्षिवृंताच्या तळाशी येऊन चार महिने नुसती थांबून असते, कारण बीजांडच तोवर तयार झालेलं नसतं. आधी टरफल पूर्ण वाढतं, मग गर भरायला लागतो. म्हणून आत्ता बाहेरून सगळी फळं सारखीच गुटगुटीत दिसतात. पोचट कोण ते ऑगस्टपर्यंत कळत नाही.

२४ जुलै २०२२

मंगळवारी लिंकनशरमध्ये ४०.३ अंश. या देशात पारा चाळिशीपार गेल्याची ही पहिली नोंद. इथेही बाहेर उभं राहवत नव्हतं. सोलापूरकडच्या माणसाला चाळीसचं काय, असं ऑफिसात सगळ्यांनी विचारून झालं. पण सोलापूरच्या झाडांना चाळीस ठाऊक असतात, या झाडाला नाहीत. पानांच्या कडा करपल्या. चांदीचा कागद असूनही गुटीतलं शेवाळ खडखडीत. सुईने पाणी सोडलं.

२१ ऑगस्ट २०२२

१२ तारखेपासून केंटमध्ये होजपाइपवर बंदी. झारी चालते. भाज्या धुतलेलं पाणी, डाळ-तांदळाचं पाणी, सगळं भुशाच्या कड्यांत. दगडाखालच्या कलमांना फारसं द्यावं लागलं नाही, दगड उचलला की खाली ओल आहेच.

काल सेंट फिलिबर्टचा दिवस. ओल्या कॉबनटचा हंगाम इथे परंपरेने या सुमाराला सुरू होतो. आजोबांनी येऊन यंदाच्या जोमदार कोंबांची मोडणी शिकवली. सिकेटर (छाटणीची कात्री) लावायचं नाही. फूटभर अंतरावर हाताने अर्धवट मोडून कोंब तसाच लोंबता ठेवायचा. कापला तर खालून लगेच नवा धुमारा येतो. मोडून लोंबता ठेवला तर झाडाला तो आपलाच वाटतो, नवी फूट येत नाही, ऊन मात्र आत जातं. उरलेली लोंबती टोकं हिवाळ्याच्या छाटणीत काढायची. पुढच्या वर्षीची मादी फुलं आतल्या बारीक फांद्यांवर येतात आणि त्यांना हे ऊन लागतं. आजोबांचा वेग बघण्यासारखा. मी एक फांदी निवडेपर्यंत त्यांच्या पाच व्हायच्या.

फळांपैकी पोचट गेल्या वर्षीपेक्षा कमी, पण गर बारीक. दुष्काळात आणखी काय होणार? टांगलेल्या फांद्यांचा उपयोग झाला असं माझं मत. घरातल्यांचं मत, खारी कमी आल्या.

२७ नोव्हेंबर २०२२

उघडून बघायचा दिवस.

तारेची पद्धत जिंकली. भुसा बाजूला केला तर बहुतेक फुटव्यांना तारेच्या वर पांढऱ्या मुळांचा झुपका. तारेखाली कापून सोडवले आणि कुंड्यांत लावले.

दाब कलमांपैकी काहींना मुळं होती, पण दोन-चार धागे फक्त. ती झाकून टाकली, आणखी एक हंगाम तिथेच राहू देत. बोटभर मुळं बघून कापायची घाई केली की मार्चमध्ये पान फुटतं आणि मेमध्ये रोप मान टाकतं.

गुट्यांमध्ये वलयाच्या वरच्या कडेला गाठ आली होती, मूळ एकही नाही. काकांना फोटो पाठवला. त्यांचं निदान दोन शब्दांत: "हवा कोरडी." डाळिंबाची गुटी ते पावसाळ्यात बांधतात. आठवडेच्या आठवडे हवेत ओल असते आणि बाकीचं काम ती करते. इथल्या जूनमध्ये ती ओल आणायची कुठून? मी गुटीचा नाद सोडला. काकांनी सोडलेला नाही.

१८ डिसेंबर २०२२

आठवडाभर बर्फ. कुंड्या गॅरेजच्या भिंतीला चिकटवून पोत्यांनी झाकल्या.

काकांना आता एक रोप सांगोल्याला हवंय. वनस्पती नेण्याचे कायदे हा भाग सोडला तरी उपयोग नाही. या झाडाला हिवाळ्यात सात अंशांखाली शेकडो तास, बऱ्याच जातींना हजाराच्या आसपास, थंडी मिळाली नाही तर डोळे नीट फुटत नाहीत. सांगोल्याची थंडी संक्रांतीपर्यंतही धड टिकत नाही. भारतात याची सख्खी जात आहे ती पश्चिम हिमालयात. हिमाचलात चंबा जिल्ह्यातल्या पांगी खोऱ्यात तिची फळं जंगलातून गोळा करतात आणि थांगी म्हणून विकतात. झुडूप नव्हे, चांगला मोठा वृक्ष होतो. काका म्हणाले, मग पांगीला जाऊ.

५ मार्च २०२३

इंग्लंडात गेल्या ३० वर्षांतला सर्वांत कोरडा फेब्रुवारी संपला. शेतकरी काळजीत आहेत, हेझलनट मात्र खुशीत. फांदीला धक्का लागला की पिवळा धूर. कॉसफर्डनेही मोजके तुरे दिले. बाटल्या पुन्हा टांगल्या, त्या यंदा पडल्या नाहीत.

गेल्या महिन्यात कलमाचा प्रयोग मांडला, तो लिहायचा राहिला. रोपांच्या अदलाबदलीच्या एका कार्यक्रमात मेर्वे द बोलविलर जातीच्या काड्या मिळाल्या. तुरे उशिरा येणारी, परागासाठी नावाजलेली जुनी जात. खुंट म्हणून, म्हणजे ज्यावर काडी बसवायची ती, कुंडीतली माझीच रोपं.

कोकणात पावसाळ्यात आंब्याचं कोय कलम मांडवाखाली ठेवलं की सांधा जुळतो, कारण तिथे ऊब आणि ओल फुकट मिळते. हेझलनटच्या सांध्याला तर बहुतेक फळझाडांपेक्षा जास्त ऊब लागते, आणि काडी झोपेत असण्याचे दिवस नेमके थंडीचे. सगळं रोप उबेत ठेवलं तर डोळे आधी फुटतात आणि सांधा जुळायच्या आत रस संपवतात. यावर तोडगा काढला ओरेगॉनमधल्या कॉर्व्हालिसला, अमेरिकी कृषी खात्यातल्या हॅरी लागरस्टेट यांनी, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला: ऊब फक्त सांध्याला द्यायची. पाइपाला खाचा पाडायच्या, आत गरम ठेवणारी वायर, रोपं आडवी ठेवून सांधा तेवढा खाचेत. आत २७ अंश, मुळं आणि डोळे बाहेर थंडीत. तीन-चार आठवडे.

मी गटाराचा प्लॅस्टिक पाइप घेतला, बी रुजवायच्या तापत्या वायरीला थर्मोस्टॅट जोडला आणि नळांवर चढवायच्या फोमने खाचा बुजवल्या. गॅरेजच्या थंडीत आडवी पडलेली रोपं आणि मधून जाणारा उबदार पाइप. नवऱ्याने त्याला "अतिदक्षता विभाग" म्हणायला सुरुवात केली. तो स्वतः नर्स आहे, तेव्हा त्याला अधिकार आहे.

७ मे २०२३

निम्म्याहून जास्त कलमांना पानं. सांध्याची गाठ भरीव. पाइप कामाचा.

तरी घरच्या बागेसाठी कलमाच्या फंदात पडू नये, या मतावर मी आलेय. खुंट सतत फुटवे सोडतो, आणि ते खुंटाच्या जातीचे. दोन-तीन वर्षं लक्ष नसलं की वरची जात गुदमरते आणि आपण भलत्याच झाडाची निगा राखत बसतो. फुटवे न सोडणाऱ्या तुर्की वृक्ष-हेझलच्या खुंटावर कलम केलं तर तो प्रश्न मिटतो, पण तो खुंट मिळवा, वाढवा. आपल्या मुळांवर उभं असलेलं झाड फुटवा देईल तर आपलाच देईल. तुर्कस्तानात काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर, ओर्दू आणि गिरेसूनच्या उतारांवर, फुटवेच काढून एका खड्ड्यात पाच-सहा वर्तुळात लावतात. जगातलं निम्म्याहून जास्त पीक तिथून येतं. तिथे कलमावाचून कुणाचं अडलं नाही.

जगलेली कलमं जमिनीत लावताना सांधा मातीखाली गाडणार आहे. म्हणजे वरच्या काडीला हळूहळू स्वतःची मुळं सुटतील.

११ जून २०२३

भुंगा आला. लांब सोंडेचा, तपकिरी. कोवळ्या फळाला भोक पाडून आत अंडं घालतो, अळी गर खाऊन नंतर टरफलाला गोल भोक पाडून बाहेर पडते आणि जमिनीत शिरते. सकाळी गारठ्यात झाडाखाली जुनी चादर पसरून फांद्या झटकल्या. भुंगे मेल्याचं सोंग घेऊन पडतात, गोळा करायला सोपे.

यंदाची तारेची कडी भरून झाली. काकांच्या आग्रहाखातर एक गुटीही बांधली, सावलीच्या बाजूला.

२ सप्टेंबर २०२३

खारींचा प्रश्न. इथली करडी खार म्हणजे आपल्याकडची पाठीवर पट्टे असलेली चिमुकली नव्हे. मांजराच्या पिल्लाएवढी, आणि फळ दुधात असल्यापासून हजेरी लावते. पिंजऱ्यात धरली तर कायद्याने परत सोडता येत नाही, मारावी लागते. ते घरात कुणालाच जमणारं नाही. म्हणून झाडाचा जो भाग आता माणसाएवढ्या उंचीवर आलाय त्यावर तारेची जाळी टाकली आणि उरलेल्या उंच फांद्या खारींच्या नावे. झाड बुटकं ठेवण्यामागे जाळीचं गणित आहे हे मला आत्ता समजतंय.

जाळीखालची फळं ओलीच काढली. आवरण हिरवं, टरफल फिकं, दाताने फुटण्याइतकं. गर ओल्या शेंगेच्या दाण्यासारखा, रसाळ आणि किंचित गोड. काकडीच्या कोशिंबिरीत दाण्याच्या कुटाऐवजी हाच ठेचून घातला. पोचट फार थोडे. कोरड्या फेब्रुवारीची कमाई.

८ ऑक्टोबर २०२३

उरलेली पिकू दिलेली फळं पसरून वाळवली. वाळल्यावर मंद भाजून, फडक्यात चोळून सालं काढली. या आठवड्यातल्या संकष्टीला साबुदाण्याच्या खिचडीत हेझलनटचं कूट. उपासाला चालतं का, यावर पुण्याहून आईचा निर्णय: "झाडावरचं फळ आहे, न चालायला काय झालं? पण तूप घाल, तेल नको." चव बरी, रंग मात्र फारच काळपट. पुढच्या वेळी चिक्की.

२७ जानेवारी २०२४

दोन हिवाळे जमिनीत राहिलेली दाब कलमं आज आईपासून तोडली. दगड उचलला, हाताने माती सारली आणि काटेरी फण्यासारख्या मुळांचा गुंता दिसला. आता ही कुठेही जगतील. पूर्वेच्या कुंपणालगत ओळ लागली.

उरलेली रोपं संध्याकाळी मंडळाच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून. उघड्या मुळांची रोपं हलवायचा मोसम आणि वाण लुटायचा मोसम इथे एकच, हे कधीच लक्षात आलं नव्हतं. मुळांना ओलं वर्तमानपत्र, वर पिशवी, पिशवीला सुतळी. तिळगुळाच्या ताटाशेजारी रोपांची जुडी.

प्रत्येकीला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. ही सगळी एकाच झाडाची अंगं आहेत. दहा जणींनी दहा लावली, किंवा एकीने दहा लावली, तरी परागाच्या हिशेबाने ते झाड एकच. एकमेकींना फळ देणार नाहीत. शेजारात रानटी हेझलनट असेल तर उत्तम, नसेल तर कॉसफर्ड किंवा गुन्स्लेबर्ट विकत घ्या. एकीने विचारलं, मग दोघी मैत्रिणींनी नेऊन काय उपयोग? मैत्रिणीने कॉसफर्ड लावावं, तू हे लाव, मधलं कुंपण वाऱ्याला अडवत नाही. रेडिंगच्या दोघींनी तसं ठरवून टाकलं, कुंपण सामाईक आहे म्हणून.

माझ्या ओळीलाही हाच नियम. म्हणून दर चौथ्या जागी कलमी मेर्वे द बोलविलर लावलाय, सांधा गाडून.

३ मार्च २०२४

इंग्लंडातला नोंदीतला सर्वांत उबदार फेब्रुवारी, आणि इकडे दक्षिणेत पाऊस थांबायचं नाव नाही. तुरे लवकर सुटले आणि भिजून लोळागोळा झाले. पराग ओला झाला की उडत नाही. मादी फुलं चांगली होती. बाटल्या टांगल्या, पण बाटल्यांतल्या फांद्याही भिजलेल्याच. शेवटच्या आठवड्यात दोन कोरडे दिवस मिळाले तेव्हा कॉसफर्डचे तुरे जवळपास संपत आले होते. मेर्वेची रोपं अजून लहान, त्यांचे तुरे यायला दोन-तीन वर्षं. उशिराची जात का हवी, ते या फेब्रुवारीने दाखवलं: लवकरच्यांचे तुरे पावसात गेले तर उशिराच्या जातीला संधी उरते.

जून २०२३ची ती सावलीतली गुटी हिवाळ्यात उघडायची राहिली होती. आज उघडली. तीन मुळं. काकांना फोटो पाठवल्यापासून फोन ठेवायला तयार नाहीत.

२५ ऑगस्ट २०२४

अपेक्षेप्रमाणे पोचट बरेच. पाण्यात टाकून बघितलं, तरंगणारी वेगळी काढली. बुडालेल्यांत गर टपोरा, कारण उन्हाळाभर ओल होती. म्हणजे २०२२मध्ये फळं धरली पण भरली नाहीत, यंदा धरली कमी पण भरली चांगली.

नव्या ओळीतली सगळी रोपं उभी आहेत. एकाला बुडाशी सशाने सोललंय, त्याला जाळीचं नळकांडं लावलं. वाणाच्या रोपांपैकी काहींचे फोटो आले. मिल्टन कीन्सचं एक बाल्कनीत कुंडीत आहे, त्याला मी हातभर जमीन शोधायला सांगितलंय.

२९ सप्टेंबर २०२४

मोडणीची लोंबती टोकं सुकली. जुन्या झाडाच्या उंचीचा शेवटचा टप्पा या हिवाळ्यात काढायचा, म्हणजे सगळं झाड जाळीखाली येईल. नोव्हेंबरमध्ये तारेचे फुटवे सोडवायचे. गुन्स्लेबर्टचं एक रोप मागवलंय, ते पश्चिमेच्या कोपऱ्यात, म्हणजे इथल्या नेहमीच्या वाऱ्याच्या तोंडावर. जूनमध्ये गुट्या सावलीच्याच बाजूला, शेवाळात थोडं कोकोपीट मिसळून. काका त्या वेळी इथे असणार आहेत, व्हिसाचा अर्ज गेलाय. येताना स्वतःचा चाकू आणतो म्हणाले. तो चेक-इनच्या बॅगेत ठेवायला सांगायचं.